घरी बनवलेल्या छोट्या होडीला डोलकाठी आणि शीड कसं बसवावं?

काठावरचा

नमस्कार मंडळी. मागच्या हिवाळ्यात घरच्या घरी प्लायवूडची एक होडी बनवली. लांबी ३.६ मीटर, वरची रुंदी सव्वा मीटर, तळ सपाट आणि ९० सेंटिमीटर रुंद. ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय तारेने शिवून सांधे आतून इपॉक्सीने भरले, बाहेरून काचकापडाची पट्टी लावली. वल्ह्यांनी छान चालते, गळत नाही, दोन माणसं आरामात बसतात.

आता तिला शीड लावायचं आहे. मोठ्या तलावातच फिरणार, समुद्रात नेण्याचा विचार नाही. वाचन सुरू केलं तर जितकी माणसं तितकी मतं. म्हणून थेट विचारतो:

डोलकाठी नेमकी कुठे उभी करायची? शीड किती मोठं आणि कोणत्या आकाराचं? काठीला बाजूने ताणाच्या दोऱ्या लागतात की नुसती खाचेत उभी राहते? आणि काठी लाकडाची की ॲल्युमिनियमच्या नळीची?

सुतारकाम जमतं, शिवणयंत्र आहे, वेळ आहे. तयार शीड विकत घेण्यापेक्षा स्वतः शिवायला आवडेल.

पाणकावळा

वा! विषय आवडीचा. खुर्ची टाकून बसलोय.

खाऱ्यावारा

आधी अभिनंदन. सांधे भरून होडी कोरडी राहिली म्हणजे अवघड काम झालं.

तुमच्या प्रश्नांचा क्रम मात्र बदलायला हवा. तुम्ही वरून सुरुवात केलीत: काठी, शीड, दोऱ्या. पाण्याखाली काय आहे ते सांगितलंच नाही. सपाट तळाच्या होडीला शीड लावलं आणि खाली काही नसलं तर ती वाऱ्याबरोबर आडवी सरकत जाईल, तुम्ही सुकाणू कितीही फिरवा. वारा पाठीमागून असेल तेव्हा मजा येईल, परत येताना वल्ही मारावी लागतील.

आडवं सरकणं थांबवायला एक उभी फळी पाण्यात हवी. ती तळातल्या फटीतून खाली सोडली तर डॅगरबोर्ड, बिजागरीवर फिरणारी असली तर सेंटरबोर्ड, होडीच्या बाहेरून कडेला लावली तर लीबोर्ड. ढोबळ हिशेब असा, की पाण्यातल्या फळीचं क्षेत्रफळ शिडाच्या ४ टक्क्यांच्या आसपास असावं आणि सुकाण्याच्या पात्याचं त्याच्या निम्म्याच्या जवळपास. ५ चौरस मीटर शीड असेल तर फळी ०.२ चौरस मीटर, म्हणजे ३० सेंटिमीटर रुंद आणि पाण्यात साधारण ६५ सेंटिमीटर खोल.

ही फळी कुठे येणार हे ठरलं की डोलकाठीची जागा आपोआप ठरते. उलटं केलं तर पस्तावाल.

काठावरचा

@खाऱ्यावारा, हे डोक्यातच नव्हतं. मी पहिल्या आडव्या फळीला, म्हणजे पुढच्या बसायच्या जागेला भोक पाडायला निघालो होतो. थांबतो.

तळाला फट पाडायची जिवावर येतंय. लीबोर्ड चालेल का? आणि काठीची जागा त्यावरून ठरते म्हणजे नक्की कशी?

गणिती_नावाडी

मी सांगतो. वारा शिडाच्या सगळ्या भागावर ढकलतो, पण हिशेबापुरतं तो सगळा जोर एका बिंदूवर आहे असं धरायचं: शिडाचा मध्य. तसंच पाणी होडीच्या बुडालेल्या बाजूला, फळीला आणि सुकाण्याला आडवं ढकलतं, त्याचाही एक मध्य. बाजूने पाहिलं तर हे दोन बिंदू जवळपास एकावर एक हवेत.

शिडाचा मध्य पाण्याच्या मध्याच्या बराच मागे गेला तर होडी सतत वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते आणि सुकाणू ओढून हात दुखतो. बराच पुढे गेला तर ती वाऱ्यापासून पळते. हा दुसरा प्रकार धोक्याचा, कारण झोत आला आणि सुकाणू हातातून सुटलं तर होडी वळून वाऱ्याला पाठ करते आणि वेग घेते. थोडासा पहिला दोष मुद्दाम ठेवतात. सुकाणू सोडलं की होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, शीड फडफडतं आणि ती थांबते.

मध्य काढायला संगणक लागत नाही. होडीचा पाण्याखालचा भाग फळीसकट बाजूने जसा दिसतो तसा प्रमाणात पुठ्ठ्यावर काढा, कापा आणि पट्टीच्या धारेवर तोला. जिथे तोलेल तिथे पाण्याचा मध्य. शीड त्रिकोणी असेल तर दोन कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंच्या मध्यापर्यंत रेघा ओढा, छेदतील तो मध्य. चौकोनी असेल तर त्याचाही पुठ्ठा कापून दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ओळंब्यासारखा लटकवा, दोन उभ्या रेघा छेदतील तो मध्य.

चालत्या होडीत पाण्याचा मध्य पुठ्ठ्यावरच्यापेक्षा पुढे सरकतो. म्हणून कागदावर शिडाचा मध्य पाण्याच्या मध्याच्या थोडा पुढे ठेवायचा. किती पुढे यावर भांडणं होतात. तुमच्या आकाराच्या होडीत पाण्यावरच्या लांबीच्या काही टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि पाण्यात पाहून दुरुस्त करावं.

मावळतीकडे

@गणिती_नावाडी, पुठ्ठ्याची युक्ती झकास! शाळेतल्या विज्ञान प्रयोगात केलेलं काम आज कळलं कशासाठी होतं.

@काठावरचा, लीबोर्ड अगदी चालेल, उलट पहिल्या होडीला तोच लावा. कारण तो पुढेमागे सरकवता येतो. होडीच्या वरच्या काठाला शिकंज्याने तात्पुरता आवळायचा, पाण्यात जायचं, होडी कशी वागते बघायचं, दहा सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकवायचा, परत बघायचं. जागा पक्की झाली की मग कायमचा बोल्ट. डोलकाठी सरकवण्यापेक्षा हे शंभरपट सोपं. एकाच बाजूला एक लीबोर्ड दोन्ही दिशांना काम देतो, फक्त जोडणी मजबूत हवी, कारण एका दिशेला तो होडीवर दाबला जातो आणि दुसऱ्या दिशेला उखडायला बघतो.

धारवाला

लीबोर्ड दिसायला कुरूप. होडी देखणी असावी असं ज्याला वाटतं त्याने डॅगरबोर्डच करावा. खोका नीट चिकटवला तर गळत नाही.

मावळतीकडे

@धारवाला, देखणेपण मान्य, पण फट पाडल्यावर जागा चुकली तर तळाला दोन फटी होतील. आणि डॅगरबोर्डचा खोका नेमका बसायच्या जागेच्या मध्ये येतो. होडी दोन माणसांची आहे, खोका धरून तिघं होतील.

सुतारपक्षी

आता लाकूडकामाचं. काठी कशी बसवायची यावर कुणी बोललं नाही आणि तिथेच बहुतेक घरगुती होड्या मोडतात.

माझ्या मित्राच्या होडीचं जवळून पाहिलेलं सांगतो. ताणाच्या दोऱ्या नाहीत, काठी पुढच्या बाकाच्या भोकातून खाली तळावरच्या खाचेत. बाक १२ मिलिमीटरच्या प्लायचं, काठाला चार स्क्रूंवर. हलक्या वाऱ्यात महिनाभर सगळं ठीक. मग एका दुपारी झोत आला आणि बाक स्क्रूंच्या ओळीत सरळ फाटलं, पोस्टाची तिकिटं भोकांच्या रेघेवर फाटतात तसं. काठी मागे पडली, कुणाला लागलं नाही. खाच मात्र शाबूत.

तेव्हा बाकावर आणि खाचेत किती जोर येतो याचा हिशेब कुणीतरी इथे मांडा. मला सवयीने जाडी कळते, आकड्यात सांगता येत नाही.

गणिती_नावाडी

मांडतो. शीड ५ चौरस मीटर धरू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे लक्षात ठेवायचं. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, असं शीड नीट भरलं तर साधारण ९ किलो वजनाइतका जोर. वारा दुप्पट झाला, सेकंदाला १० मीटर, तर जोर चौपट: जवळपास ३७ किलो.

हा जोर बाकाच्या दीड मीटर वर लागतो असं धरा, आणि बाकापासून खालची खाच ३५ सेंटिमीटर खाली. ही तरफ झाली. खाचेवर आडवा जोर ३७ गुणिले १.५ भागिले ०.३५, म्हणजे जवळपास १६० किलो. बाकावर तो अधिक ३७, म्हणजे १९५ किलोच्या घरात. तेही संथ वाऱ्याचं गणित. झोताचा धक्का आणि लाटेवरची आदळआपट वेगळी.

बाकाच्या काठावरच्या चार स्क्रूंचं काय झालं असेल ते कळलंच.

सुतारपक्षी

आभार. म्हणजे तिथे दोन माणसं एकदम आडवी लटकल्यासारखं.

म्हणून @काठावरचा, असं करा. बाकाखाली भोकाभोवती भरीव लाकडाचा जाड तुकडा इपॉक्सीने चिकटवा, त्याच्या शिरा आडव्या, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. बाकाची टोकं काठाच्या पट्टीला स्क्रूवर सोडू नका, खालून गुडघ्याच्या आकाराचे कोन द्या आणि इपॉक्सीने भरा. भोक काठीपेक्षा थोडं मोठं करा आणि आत चामड्याची पट्टी लावा, म्हणजे काठी करकरत नाही आणि घासून बारीक होत नाही.

खालची खाच तळाच्या प्लायवर नुसती चिकटवू नका. लांब ठोकळा घ्या, तळावर पुढेमागे निदान ४० सेंटिमीटर पसरलेला, म्हणजे वजन पसरेल. खाचेच्या तळाशी पाणी जायला छोटं भोक किंवा चर हवाच. तो विसरला की काठीचं बूड कुजतं, आणि बूड कुजलेलं बाहेरून दिसत नाही.

काठीचं बूड चौकोनी ठेवा आणि खाचही चौकोनी. काही प्रकारच्या शिडात काठी फिरलेली चालत नाही.

अस्सल_वल्हेकरी

+१. वाचनखूण साठवली आहे.

दूरचा_किनारा

एवढं करण्यापेक्षा बाजूने तारा लावा ना. आधुनिक बहुतेक होड्यांना उंच त्रिकोणी शीड आणि तीन तारा असतात. वाऱ्याच्या तोंडाकडे जायला तेच सर्वात उत्तम.

खाऱ्यावारा

@दूरचा_किनारा, वाऱ्याच्या तोंडाकडे ते उत्तम, यात वाद नाही. पण ३.६ मीटरच्या होडीत तीन गोष्टी आड येतात. सव्वा मीटर रुंदीत तारांचा कोन अरुंद होतो, मग ताण फार वाढतो, आणि तो ताण काठीला खाली तळात दाबतो. शिवाय तारा जिथे बांधायच्या तिथे ६ मिलिमीटरच्या प्लायला मजबुती द्यावी लागते. आणि उंच शिडाला उंच काठी, जी घरी नेताना गाडीच्या दोन्ही टोकांना बाहेर येते.

तारांशिवाय उभ्या काठीवर चालणारे जुने प्रकार याच आकारासाठी घडले. मुलांना शिकवायची ऑप्टिमिस्ट बघा: क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये रेखाटली, लांबी २.३ मीटर, तारा नाहीत, चौकोनी शिडाचं वरचं टोक एका तिरक्या काठीने ताणलेलं. सनफिश नावाच्या छोट्या होडीवर लॅटीन: छोटी काठी, दोन लांब दांडे, मध्ये त्रिकोणी शीड. मिरर ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी घरी बनवता यावी म्हणून काढलेली प्लायची होडी, सांधे तुमच्यासारखेच शिवलेले. तिला तारा आहेत, पण शिडाचा वरचा दांडा काठीला लागून उभा चढतो, त्यामुळे काठी आखूड, आणि सगळे दांडे होडीत मावतात.

तुमच्यासाठी मी बॅलन्स्ड लग म्हणेन. चौकोनी शीड, वर एक दांडा, खाली एक दांडा, दोन्हींचा थोडा भाग काठीच्या पुढे. एक दोरी ओढली की शीड चढतं, सोडली की उतरतं. काठी होडीच्या लांबीइतकीच पुरते. वारा पाठीमागून असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे जातं ते दणका न देता, कारण पुढचा भाग मागच्याला थोडा तोलतो. आणि हातात एकच दोरी.

दूरचा_किनारा

काठीच्या एका बाजूला शीड काठीला चिकटतं, आकार बिघडतो. हे लगच्या बाबतीत कुणी सांगत नाही.

खाऱ्यावारा

बिघडतो, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. खरी अडचण वेगळी आहे: खाली ओढणारी दोरी. खालच्या दांड्याला काठीजवळ एक दोरी बांधून ती जोरात खाली खेचावी लागते, हाताने नाही, दोन कप्प्या लावून तीन-चारपट जोराने. तेवढा ताण नसेल तर शीड पिशवीसारखं होतं आणि होडी वाऱ्याकडे जातच नाही. लोक म्हणतात लग वाईट, आणि दोरी सैल असते.

पाणकावळा

धाग्याचं शीड फडफडायला लागलंय मंडळी, जरा दोरी ओढा. त्यांनी काठी लाकडाची की नळीची ते पण विचारलं होतं.

सुतारपक्षी

लाकूड. सरळ शिरांचं, गाठी नसलेलं, हलकं लाकूड. एक जाड फळी मिळत नसेल तर दोन पातळ फळ्या पाठीला पाठ लावून इपॉक्सीने जोडा, एक उलटी करून, म्हणजे पुढे वाक येत नाही.

गोल कशी करायची ते सांगतो, कारण हे काम करताना मला फार आनंद होतो. चौकोनी दांडा घ्या, आधी चारी बाजूंनी वरच्या टोकाकडे निमुळता रंध्या. मग एक छोटी पट्टी घ्या, तिच्यात दोन खुंट्या आणि त्यांच्यामध्ये दोन पेन्सिली, अशा की अंतरं ७, १०, ७ या प्रमाणात येतील. खुंट्यांमधलं अंतर दांड्याच्या जाड टोकापेक्षा थोडं जास्त. ही पट्टी दांड्यावर तिरकी धरायची, दोन्ही खुंट्या दोन्ही कडांना टेकतील अशी, आणि तशीच ओढत न्यायची. दांडा निमुळता होतो तशी पट्टी आपोआप आणखी तिरकी होते आणि रेघा प्रमाणात जवळ येतात. चारी बाजूंवर रेघा मारल्या की रेघेपर्यंत कोपरे रंधून काढा, अष्टकोन झाला. मग अंदाजाने सोळा बाजू, मग तळहाताने चाचपत गोल. हात उंचवटे बरोबर सांगतो, डोळा सांगत नाही.

तुमच्या शिडाला बाकापाशी ६५ मिलिमीटर, वरच्या टोकाला ४० पुरे. बाकाखाली बुडाकडे ५० पर्यंत बारीक केलं तरी चालतं, सगळ्यात जास्त वाक बाकापाशीच असतो. चामड्याच्या वर निदान एक हात ६५ मिलिमीटर कायम ठेवा.

गणिती_नावाडी

@सुतारपक्षी यांचे ६५ मिलिमीटर गणितात बसतात, मघाच्या ३७ किलोच्या जोराला लाकडावर त्याच्या तुटायच्या ताणाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच ताण येतो. ५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची मऊ प्रकारची ॲल्युमिनियम नळी मात्र त्याच जोराला वाकायच्या बेतात येते. नळी घ्यायची तर ६० मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी घ्या.

एक गोष्ट मला नेहमी भावते: भरीव गोल काठीचा मधला निम्म्या व्यासाचा गाभा काढून टाकला तर वजन पाव हिश्श्याने कमी होतं आणि ताठपणा फक्त सोळाव्या हिश्श्याने. म्हणून पोकळ लाकडी काठ्या बनवतात. पहिल्या होडीला गरज नाही.

रानवारा

नळीच्या काठीबद्दल एक महत्त्वाचं. तलावाच्या काठावर, जिथे होडी उतरवता तिथे वर विजेच्या तारा आहेत का बघा. धातूची काठी उभी करून होडी ढकलत नेणं आणि वर तार, यात माणसं गेलेली आहेत. ओली लाकडी काठी आणि ओली दोरी पण सुरक्षित समजू नका. काठी पाण्यात गेल्यावर उभी करा, आणि पाण्यावरून जाणाऱ्या तारांखाली जाऊच नका.

मावळतीकडे

@रानवारा, हे सगळ्यात वर टाकायला हवं. धन्यवाद.

शिवणटिपण

शिडाबद्दल मी बोलते, कारण शिवणयंत्र म्हटल्यावर राहवलं नाही.

पहिलं शीड निळ्या-पांढऱ्या ताडपत्रीचं करायला हरकत नाही. उन्हाने एक-दोन हंगामात तडकतं, पण तोवर शिडाचा आकार आणि आकारमान योग्य आहे की नाही ते कळतं. मग त्याच मापाचं विणलेल्या पॉलिएस्टर कापडाचं शिवा, ते वर्षानुवर्षं टिकतं.

सपाट कापड कापून दोन दांड्यांत ताणलं की शीड होत नाही, पडदा होतो. शिडाला पोट हवं. सोपा मार्ग असा: वरची आणि खालची कड सरळ कापायची नाही, बाहेर फुगीर कापायची. अडीच मीटरच्या कडेला मध्यावर मी ४-५ सेंटिमीटर फुगवटा देते. सरळ दांड्याला ती फुगीर कड बांधली की जास्तीचं कापड आत ढकललं जातं आणि पोट येतं. मागची मोकळी कड मात्र थोडी आत वळवून कापा, नाहीतर ती वाऱ्यात सतत फडफडते आणि फाटते.

विणलेल्या कापडात उभे किंवा आडवे धागे मागच्या कडेला समांतर ठेवा. तिरका ताण आला की कापड खेचलं जातं. कोपऱ्यांना चार-पाच थर, वाढत्या आकाराचे. शिवणीआधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून घ्या, कापड घसरत नाही. टीप नागमोडी घाला, सरळ टीप ताणाला तुटते. धागा पॉलिएस्टरचाच, सुती नको.

आणि शीड आखडायच्या, म्हणजे वारा वाढला की ते खालून गुंडाळून लहान करायच्या, दोन ओळी आत्ताच शिवून घ्या. नंतर करू म्हणणारे कधी करत नाहीत.

धारवाला

ताडपत्री? मी म्हणतो पहिल्यापासून चांगलं कापड घ्या. दोनदा शिवायचं कशाला?

शिवणटिपण

@धारवाला, दुसऱ्यांदा शिवताना पहिल्यापेक्षा दुप्पट चांगलं जमतं म्हणून. आणि ताडपत्री तुम्ही कुठेही कापू शकता, हात थरथरत नाही.

काठावरचा

किती शिकलो इथे! सध्या ठरवलं ते असं: लीबोर्ड, बॅलन्स्ड लग, ५ चौरस मीटर, लाकडी काठी, ताणाच्या दोऱ्या नाहीत. पुठ्ठा कापून तोलला, काठी बाकापासून पुढे येते आहे, म्हणजे पुढे नवीन आडवी फळी टाकावी लागेल. टाकतो.

एक राहिलं. ५ चौरस मीटर जास्त तर नाही? मी एकटाच जाणार आहे बऱ्याचदा, वजन ७० किलो.

गणिती_नावाडी

शिडाचा मध्य ते पाण्याचा मध्य हे उभं अंतर तुमच्या होडीत सव्वादोन मीटरच्या आत, २.१५ धरू. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात ९ किलोचा जोर, म्हणजे उलटवणारा जोर सुमारे २० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर). तुम्ही काठावर बसलात तर तुमचं वजन मध्यापासून साधारण ०.६ मीटर, म्हणजे ४२ किलो-मीटर. आरामात.

उलटवणारा जोर ४२ ला कधी पोचतो? वारा सेकंदाला सुमारे ७ मीटर, ताशी २५ किलोमीटर झाला की. होडीची स्वतःची थोडी मदत मिळते, पण त्या हिशेबावर जगायचं नाही. म्हणजे पाण्यावर पांढरे फेसाळ माथे सगळीकडे दिसायला लागायच्या आत पहिली ओळ आखडलेली हवी. ५ चौरस मीटर ठीक आहे, अट एवढीच.

रानवारा

आणि हातातली शिडाची दोरी कुठेही बांधायची नाही. कधीच नाही. झोत आला की ती सुटली पाहिजे, त्याच क्षणी. हात दुखत असेल तर कप्पी वाढवा, गाठ मारू नका.

उलटायचा सरावही करा. उथळ पाणी, छातीइतकं, दोघे मित्र, जीवनरक्षक जाकीट अंगात. मुद्दाम उलटवा. होडीत बंदिस्त हवेचे कप्पे किंवा फोम आहे का? १ लिटर बंदिस्त हवा साधारण १ किलो वजन पाण्यावर धरते. पुढे आणि मागे मिळून निदान १०० लिटर करा, म्हणजे उलटून सरळ केल्यावर तुम्ही आत चढून पाणी उपसू शकाल. कप्पे नसले तर होडी तरंगते, पण काठापर्यंत भरलेली, उपसता येत नाही.

लीबोर्डावर उभं राहून वरचा काठ ओढला की होडी सरळ होते. तो ऐन वेळी निसटू नये म्हणून त्याला दोरीने बांधून ठेवा. काठीचं वरचं टोक पोकळ आणि बंद असेल तर आणखी चांगलं, होडी पूर्ण पालथी होत नाही. तुमची भरीव लाकडी आहे, तीही तरंगायला मदत करते.

अस्सल_वल्हेकरी

आणि वल्ही होडीतच असू द्या. वारा पडला की तीच कामी येतात. वारा फुकट आहे, पण वेळेवर येत नाही.

काठावरचा

परत आलो. बराच काळ गेला, कामात होतो.

काठी @सुतारपक्षी यांच्या पद्धतीने रंधली, ७-१०-७ च्या पट्टीने. नवी आडवी फळी, खाली जाड तुकडा, चामडं, खाचेला चर, सगळं झालं. शीड ताडपत्रीचं. उथळ पाण्यात दोन मित्रांसोबत मुद्दाम उलटवली. बंद कप्प्यांमुळे पाण्यावर उंच राहते, लीबोर्डावर उभं राहिलं की पटकन सरळ होते.

मग हलक्या वाऱ्यात चालवली. पहिल्यांदा सुकाणू सोडलं की ती वाऱ्यापासून पळायची. लीबोर्ड शिकंज्यातच होता, थोडा पुढे सरकवला. आणखी एकदा सरकवला. आता सुकाणू सोडलं की हळू वाऱ्याकडे वळते आणि थांबते. लीबोर्ड तिथे बोल्टने पक्का केला.

वाऱ्याच्या तोंडाशी साधारण ५० अंशांपर्यंत जाते, त्याहून जवळ नेली की थांबते. वळणं घेत घेत तलावाच्या वरच्या टोकाला पोचलो.

एक गोष्ट सुटत नाही: शिडावर वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती पडते.

खाऱ्यावारा

खाली ओढणारी दोरी सैल. आणखी खेचा. वारा नसताना उलट्या दिशेची सुरकुती, म्हणजे वरच्या मागच्या टोकापासून खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे, दिसेपर्यंत खेचा. वारा भरला की ती जाते. कप्प्या किती लावल्या आहेत?

काठावरचा

एक. दुप्पट जोर.

खाऱ्यावारा

आणखी दोन लावा, चौपट करा. आणि शीड चढवायची दोरी कोणती? नायलॉनची असेल तर ती ताणली जाते, तुम्ही खाली खेचता तेवढं वरून सुटतं. पॉलिएस्टरची न ताणणारी घ्या.

शिवणटिपण

वरच्या दांड्याला शीड बांधताना पुढच्या कोपऱ्याची दोरी पण बघा. दांड्याच्या टोकाकडे पुरेशी ओढलेली नसेल तर तीच सुरकुती येते. फोटो टाका, सांगते कोणती.

काठावरचा

दोरी नायलॉनचीच आहे! शनिवारी बदलतो. कप्प्याही आणतो. आखडायची पहिली ओळ खालच्या दांड्यापासून ४५ सेंटिमीटरवर शिवली आहे, दुसरी त्याच्या वर तितक्याच अंतरावर. पाण्यात जाण्याआधी काठावरच आखडून पाहिलं, दोन मिनिटांच्या आत होतं. @शिवणटिपण, फोटो शनिवारी टाकतो, शीड दोन्ही बाजूंनी.